स्त्री, निसर्ग आणि स्वप्न: वास्तववादी चित्रात हे कसे उतरते?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्याच आहेत. कलाशिक्षण पूर्ण झालेले, व्यक्तिचित्रणावर हात बसलेला. अमेरिकेतल्या अँड्रिया कॉच या चित्रकर्तीची चित्रे त्यांना मनापासून आवडतात: मोकळ्या माळरानावर उभ्या असलेल्या बायका, वाऱ्यावर पिंजारलेले केस, अंगाखांद्यावर पक्षी, सगळे अगदी खरे आणि तरीही या जगातले नसल्यासारखे. त्या जातीचे काम आपल्या मातीतल्या बायका आणि आपला निसर्ग घेऊन त्यांना करायचे आहे. पण चित्र पुरे झाले की ते एक तर कॅलेंडरसारखे दिसते, नाही तर दोन फोटो जोडल्यासारखे. धुके घातले, कडा पुसल्या, वरून निळसर ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, दिला, तरी स्वप्न काही उतरत नाही. नेमके काय बिघडते, आणि या कामाला ॲक्रिलिक बरे की तैलरंग, असे त्यांनी विचारले आहे.

आधी ते धुके काढून टाका. स्वप्न चालू असताना आपल्याला धूसर दिसत नसते. आजोळचे घर, ओट्यावरची परात, मामीच्या हातातल्या बांगड्या, सगळे लख्ख दिसते. फक्त त्या घराच्या मागच्या दाराला लागूनच समुद्र असतो, आणि त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. धूसर होते ती जाग आल्यानंतरची आठवण. पुसट कडा आणि निळा ग्लेझ घालून आपण ती आठवण रंगवतो. बघणारा मात्र चित्रात शिरत नाही, कारण त्याला पाय रोवायला घट्ट जमीनच मिळत नाही. मी इतकी वर्षे हे काम करते आणि शिकवते, त्यातून माझे मत पक्के झाले आहे: निसर्गाचे सगळे नियम काटेकोर पाळायचे, एकच मोडायचा, आणि तो मोडला आहे हे चित्रातल्या कुणालाही ठाऊक असता कामा नये. दोन नियम मोडले की चित्र परीकथेकडे झुकते, चार मोडले की सजावट होते.

अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथचे ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’ तुम्ही पाहिलेच असेल. १९४८ साली टेंपरात, म्हणजे अंड्याच्या बलकात रंग कालवून केलेले हे चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. गुलाबी झग्यातली एक बाई वाळक्या गवतात जमिनीवर रेलून दूरच्या घराकडे बघते आहे. चित्रात अशक्य असे काहीच नाही, तरी पहिल्या नजरेलाच पोटात काही तरी हलते. त्याचे कारण कामाच्या तपशिलात सापडते. वायथची शेजारीण क्रिस्टिना ओल्सन पन्नाशी ओलांडलेली होती, तिला चालता येत नसे. चित्रातली बाई तीच, पण तिच्या धडासाठी मॉडेल म्हणून बसली ती वायथची तरुण पत्नी बेट्सी. घरापासून गोठा त्याने वेगळा केला, जमिनीचा उतार बदलला. म्हणजे मांडणीत त्याने पाहिजे तेवढे स्वातंत्र्य घेतले, आणि गवताची काडी न काडी मात्र समोर बसून अभ्यासली. डोळा प्रत्येक काडी खरी मानतो, म्हणून ते न जुळणारे अंतर आणि न जुळणारे वयही खरे मानतो. गवत जर ढोबळ फटकाऱ्यांत उरकले असते, तर तीच बाई सहलीला आलेली वाटली असती.

कॉचचेही तेच. १९८६ सालचा डेट्रॉइटमधला तिचा जन्म, मिशिगनची शेते, जुनी कोठारे, कावळे, हिवाळ्याआधीचे वाळके गवत हा तिचा नेहमीचा मुलूख. ती ॲक्रिलिकमध्ये काम करते. तिच्या चित्रात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वारा. केस उडतात, कपडे उडतात, पाखरे झेपावतात, आणि चेहरे जागचे हलत नाहीत. मोडलेला नियम तो: इतक्या वाऱ्यात माणूस डोळे मिटतो, पदर सावरतो, पाठ फिरवतो. या बायका तसे करत नाहीत. तुम्ही तिच्याकडून घ्यायचे ते हे. तिचे गवत आणि तिचे कावळे घेऊन त्यात नऊवारीतली बाई उभी केलीत, तर चित्र दोन्ही गावांना परके होईल.

आपल्याकडे चित्रकार विकास (बिकाश) भट्टाचार्य यांचे काम मिळेल तिथे बघा. १९४० ते २००६ हा त्यांचा काळ, सारे आयुष्य कोलकात्यात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, शहरात नक्षलवादी चळवळ आणि हिंसा पेटलेली असताना, त्यांनी बाहुल्यांची मालिका केली. जुन्या कोलकात्याच्या भिंती, ओल, पोपडे हुबेहूब, आणि त्यात एक बाहुली, जी बाहुलीसारखी वागत नाही. त्यांची दुर्गेची मालिकाही अशीच: रस्त्यावर, घरात भेटणारी बाई, आणि तिच्यात देवी. त्यांच्या हाताची तयारी ऑइलमधली, जुन्या युरोपीय शिस्तीची, पण विषय घराच्या उंबऱ्यावरचे. वास्तववाद आणि स्वप्न यांचा संसार भारतात कसा होतो हे मला त्यांच्याकडून जेवढे कळले तेवढे परदेशी पुस्तकांतून कळले नाही.

आता कॅलेंडरविषयी. या शब्दाला नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि घराघरांत देवादिकांबरोबर दमयंती-शकुंतलाही पोचल्या. नंतरच्या काळात रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांनी मराठी घरांच्या डोळ्यांना बाई कशी दिसते हे शिकवले. मुळगावकरांचा स्प्रेवरचा ताबा असा होता की त्वचेवर ब्रशचा माग सापडत नाही. छपाईत उठून दिसायचे, दिवाळी अंकांच्या गर्दीत लांबून ओळखू यायचे, ही त्या कामाची गरज होती आणि ती त्यांनी अप्रतिम भागवली. तुमची गरज वेगळी आहे. पण डोळा लहानपणापासून त्याच चित्रांवर वाढलेला असल्याने हात आपोआप तिकडे वळतो.

कॅलेंडरपणा कुठून येतो हे ओळखता येते. प्रकाश सगळीकडून येतो, त्यामुळे सावलीला वजन राहत नाही. बाई बघणाऱ्यासाठी बसलेली असते. तिला स्वतःचे काही काम नसते. आणि निसर्ग पडद्यासारखा मागे टांगलेला असतो, त्याचा तिच्या अंगावर परिणाम होत नाही. हा तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हिरव्या बांधावर बसलेल्या बाईच्या हनुवटीखाली हिरवा परावर्तित प्रकाश नसेल, तर ती त्या बांधावर बसलेलीच नाही. दोन फोटो जोडल्यासारखे दिसते तेही याच कारणाने.

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेने ‘ऑफेलिया’, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली पाण्यात बुडणारी तरुणी, कसे केले ते आठवा. १८५१ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या हॉग्समिल नदीकाठी त्याने महिनोन्‌महिने बसून आधी नुसता निसर्ग रंगवला, इतका बारकाईने की एकेक झाड नावानिशी ओळखता यावे. बाईची जागा मोकळी ठेवली. मग हिवाळ्यात लंडनच्या घरी एलिझाबेथ सिडलला पाण्याने भरलेल्या टबात झोपवले, पाणी कोमट राहावे म्हणून खाली दिवे लावले. एकदा दिवे विझले आणि ती गारठून आजारी पडली. मॉडेलचे असे हाल करू नयेत हे आहेच. पण म्हणजे हेही चित्र दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या ऋतूंत पाहिलेल्या गोष्टींचा जोडच आहे, आणि तरी सांधा दिसत नाही. कारण भिजलेला झगा पाण्यात कसा फुगतो, केस कसे पसरतात, पाण्याच्या रेषेवर त्वचा कशी तुटते, हे त्याने खरोखरच्या पाण्यात बघितले. जोड देणे हा दोष नाही. जिथे बाई आणि निसर्ग एकमेकांना शिवतात ती जागा न बघता रंगवणे हा दोष आहे.

तर नाशिकमध्ये राहून आपण काय बघायचे? ताई, तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता तिथे स्वप्नवत दृश्ये शेतकऱ्यांनी आधीच मांडून ठेवली आहेत.

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, उन्हाच्या दिवसांत डाळिंबाच्या बागा बघा. ऊन आणि पाखरांपासून फळ वाचावे म्हणून झाडांवर जुन्या साड्या टाकलेल्या असतात. ओळीच्या ओळी: केशरी, मोरपिशी, फिक्की गुलाबी, जरीचा काठ तुटलेली. त्याखालून एखादी बाई वाकून फळे बघत चाललेली असते. यात एकही नियम मोडलेला नाही आणि तरी वर्णन ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. या जागेत जाऊन बसा, परवानगी विचारून, आणि फक्त प्रकाश बघा.

सिंथेटिक केशरी साडीतून गाळून आलेले ऊन तिच्या गालावर पडते तेव्हा गाल पांढुरका होत नाही. तो आहे त्याच उजेडात जास्त तापलेल्या रंगाचा होतो. म्हणजे तिथे टायटॅनियम व्हाइट घालायचे नाही, रंगाची तीव्रता वाढवायची. त्याच प्रकाशात तिचा पोपटी ब्लाउज तपकिरी, मळकट दिसतो, कारण केशरी उजेडात हिरवा फारसा नसतोच. मोकळ्या बाजूने आभाळाचा थंड निळा प्रकाश येतो आणि कानाच्या पाळीवर, मानेच्या कडेवर बारीक रेघ ओढतो. खालून तांबूस माती उजेड परत फेकते, म्हणून नाकाखालची सावली गार राखाडी नसून उबदार असते. एका चेहऱ्यावर तीन दिशांनी तीन रंग, आणि तिन्हींना कारण आहे. हे नीट उतरले की तुम्हाला वेगळे स्वप्न घालायची गरजच उरत नाही. सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, जलरंगातले. मॉडेल त्यांची मुलगी. दिव्याच्या ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटे आतून उजळलेली आहेत आणि तोच उजेड चेहऱ्यावर चढला आहे. ते चित्र प्रत्यक्ष उभे राहून बघा. पारदर्शक वस्तूतून येणारा प्रकाश आणि वस्तूवर पडणारा प्रकाश यांतला फरक शिकायला महाराष्ट्राच्या चित्रकाराने केलेला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

कवडशांचेही तसेच आहे. झाडाखाली बसलेल्या बाईच्या अंगावर सर्रास पानांच्या आकाराचे किंवा कसेही वेडेवाकडे उन्हाचे तुकडे टाकलेले असतात. खरे कवडसे गोल असतात, कारण पानांमधली प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्रासारखी काम करते आणि जमिनीवर पडते ती सूर्याचीच प्रतिमा. दोन मीटर उंचीवरच्या बारीक छिद्रातून साधारण दोन सेंटीमीटरचा ठिपका पडतो, कडा मऊ. तिरप्या पृष्ठभागावर तोच लंबगोल होतो. फट जवळ असेल, म्हणजे पान तिच्या खांद्यापासून वीतभरच दूर असेल, तर ठिपक्याला फटीचा आकार येतो आणि कड धारदार होते. म्हणून खांद्यावर कडक कडा, मांडीवर जरा सैल, पायाशी मातीत अगदी मऊ. कडा कुठे हरवायची हे मन मानेल तसे ठरवायचे नसते, अंतर ठरवते. तुम्ही सगळीकडे सारख्याच कडा पुसल्यात, तिथेच चित्रातली हवा गेली.

आता बाईकडे येते. स्त्री आणि झाड ही जोडी आपल्या डोळ्यात फार जुनी आहे. सांचीच्या तोरणावरची यक्षी एका हाताने फांदी धरून झुलते. शालभंजिकेची तीच ठेवण शिल्पांत शतकानुशतके येत राहिली. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो हा संस्कृत कवींचा लाडका संकेत. इतका जुना वारसा पाठीशी असला की धोका असा की बाई माणूस उरत नाही, ‘प्रकृती’ होते. मग तिला नाव नाही, वय नाही, तळव्याला घट्टे नाहीत. अशी बाई स्वप्नात येत नाही. स्वप्नात येतात त्या ओळखीच्या बायका.

नोव्हेंबरात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत जा. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी झालेली असते, पुढे विरळणी (घडातले जादा मणी काढणे) आणि डिपिंगची (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याची) कामे निघतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायका मांडवाखाली उभ्या राहून दिवसभर हात वर करून घडांवर काम करतात. ही ठेवण बघा: एक हात वेलीला धरलेला, दुसरा घडाशी, मान मागे कललेली, वजन एका पायावर. शालभंजिकाच आहे ती, फक्त हिचे खांदे भरून आले आहेत, बोटांच्या पेरांना औषधाचा रंग लागला आहे आणि डोक्याला उन्हासाठी रुमाल गुंडाळला आहे. ते दुखणारे खांदे रंगवा. ट्रॅपिझियस स्नायू हात वर असताना मानेजवळ कसा गोळा होतो, कोपरावरची कातडी कशी सुरकुतते, मनगटातली बांगडी कशी घसरून कोपराकडे येते. यक्षीची आठवण बघणाऱ्याला आपोआप येईल. तुम्ही ती सुचवायला गेलात की काम पोस्टरसारखे होईल.

मग नियम कुठला मोडायचा? एक उदाहरण देते, उचलायला नव्हे, विचार कसा चालतो ते दिसावे म्हणून. डिसेंबर-जानेवारीत उन्हाने मण्यांवर गुलाबी झाक येऊ नये म्हणून कित्येक बागांत घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. मांडवाखाली शेकडो कागदी पुड्या लटकलेल्या, पहाटेचे दव, निफाडची थंडी. आणि दुसरीकडे आपल्या गोदावरीचा पूर: गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी पुराची भाषा या शहराला लहानपणापासून येते. आता असे समजा की या हिवाळी बागेत तिच्या कमरेपर्यंत नितळ, संथ पाणी उभे आहे आणि ती घड बघते आहे. तेवढेच. पाण्यात चंद्र नको, मासे नकोत, कागदातून उजेड नको.

हा एक नियम मोडल्याबरोबर बाकीचे सगळे दुप्पट कडक होतात. पायाजवळचे पाणी आपण वरून बघतो म्हणून तिथे तळाची माती दिसेल. दूरच्या ओळींत नजर पाण्याला तिरपी लागते, तिथे तळ दिसणार नाही, मांडव आणि कागदी पुड्या उलट्या दिसतील. पाण्याखालचे पाय आखूड आणि किंचित सरकलेले दिसतील. सुती साडी पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर भिजून गडद झालेली असेल, कारण कापड पाणी वर ओढते. पाण्याखालच्या निऱ्या मात्र फुगून तरंगतील. सूर्य हिवाळ्याचा, खाली असलेला, म्हणून पाण्यावरून परतलेला उजेड पुड्यांच्या खालच्या बाजूला आणि तिच्या हनुवटीखाली हलत्या रेघांनी उमटेल. हे सगळे घरी बघता येते. मोठे घमेले किंवा टब घ्या, जुनी सुती साडी भिजवा, खिडकीशी ठेवा आणि रंगीत स्टडी करा. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नको, दुःख नको. घड किती भरला ते ती बघते आहे.

गावाकडे विहिरीशी, नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, साती आसरांचे. पाण्यातल्या त्या बायकांना आपल्या लोकांनी बहुतेक ठिकाणी चेहरे दिलेले नाहीत, आणि म्हणूनच संध्याकाळी पाण्यावर जाताना त्यांची भीती आणि ओढ दोन्ही वाटते. या श्रद्धेचे चित्र काढा असे मी म्हणत नाही. पण न दाखवण्यात किती ताकद असते हे त्या दगडांकडून शिकण्यासारखे आहे. चित्रातल्या बाईची पाठ दिसली तरी चालते. चेहरा अर्धा पदराआड गेला तरी चालते.

संध्याकाळ रंगवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. उजेड कमी होत गेला की डोळ्याची लाल रंगाची जाण आधी मावळते आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ वाटू लागते. पुर्किंजे या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदले, म्हणून त्याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. दुपारी जी लाल साडी हिरव्या पानांइतकीच उजळ होती ती सांजेला पानांपेक्षा काळोखी दिसते. चित्रकार सांज दाखवायला सगळ्यावर निळा ग्लेझ फिरवतात आणि साडी लालभडक ठेवतात, कारण ती लाल आहे हे त्यांना माहीत असते. साडी गडद करा, पाने उचला, आणि ग्लेझ विसरा.

मोबाइलच्या फोटोवर किती विसंबायचे? फोटो घ्या, पण त्याचा स्वभाव ओळखून घ्या. आजचे फोन सावल्या स्वतःच उजळून देतात आणि आभाळ खाली आणतात, त्यामुळे फोटोवरून केलेल्या चित्रात खरा काळोख सापडत नाही. जवळून घेतला तर नाक मोठे, कान मागे. चार-पाच पावले मागे जाऊन झूमने घ्या, एक्स्पोजर लॉक करून सावलीसाठी वेगळा आणि उजेडासाठी वेगळा. आणि फोटोच्या आधी जागेवर बसून छोटी रंगीत नोंद करा, पोस्टकार्डाएवढी. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रे बघितली की कळते, जागेवर बसलेल्या माणसाने काय टिपायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय तिथल्या तिथे केलेला असतो. तो निर्णय फोटो करू शकत नाही. हल्ली यंत्राने बनवलेल्या, फुलापाखरांत गुरफटलेल्या बायकांच्या चित्रांचा पूर आला आहे; त्यांत फूल कुठल्याच झाडाचे नसते. तुमच्या चित्रात सोनकी असेल तर ती सोनकीच असू दे, पावसाळा सरता सरता अंजनेरीच्या पठारावर फुलते ती, तिच्या पाकळ्या आणि पानांसकट. कारवी घालणार असाल तर ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षीच जाऊन बघावी लागते.

मॉडेलविषयी थोडे. अनोळखी मजूर बाईचा लांबून फोटो काढून तिला चित्रात बसवू नका. विचारा, काय करणार ते सांगा, बसण्याचे पैसे द्या, चित्र झाल्यावर दाखवा. यात माणुसकी तर आहेच, शिवाय चित्रालाही फायदा आहे: बोलल्याशिवाय तिचे उभे राहणे तुम्हाला कळत नाही. घरातल्या बायकांनाही बसवा. काकू, शेजारीण, वहिनी यांच्या चेहऱ्यांवर जे आहे ते व्यावसायिक मॉडेलकडे मिळेलच असे नाही.

माध्यमाचे उत्तर सोपे आहे. तुम्हाला ॲक्रिलिकची सवय असेल तर ॲक्रिलिक ठेवा. कॉच त्यातच करते, म्हणजे माध्यम आडवे येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात ते पॅलेटवरच वाळते, म्हणून ओल्या स्पंजावर बटर पेपर ठेवून ओली पॅलेट करा, त्वचेच्या मऊ चढउतारांसाठी रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारे द्रव्य) वापरा, आणि पहाटे काम करा. पण साडीतून गाळलेला तो केशरी उजेड मिळवायचा असेल तर माझा कल तैलरंगाकडे आहे, कारण पारदर्शक थरांची खोली त्यात जास्त मिळते. मी स्वतः दोन्ही मिळून करते: ॲक्रिलिकच्या अंबर (umber, मातकट तपकिरी) आणि पांढऱ्यात सगळे चित्र एकरंगी उभे करायचे, प्रकाशाचा हिशेब तिथेच मिटवायचा, ते पूर्ण वाळले की वर तैलरंग. उलटे कधीही नको. तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, पोपडे येतात. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त, हा नियम पाळा, नाही तर भेगा पडतील. झिंक व्हाइट तैलरंगात ठिसूळ होतो, मुख्य पांढरा म्हणून टायटॅनियम घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ऑइल रेंगाळते आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. त्या दिवसांत चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या. शेवटचे व्हार्निश पातळ थरांच्या कामालाही सहा महिन्यांच्या आत देऊ नका.

आकार सुरुवातीला लहानच घ्या, दीड फूट बाय दोन फूट पुरे. आणि चित्राला ‘स्वप्न’, ‘प्रकृती’, ‘ती’ अशी नावे ठेवू नका, ती बघणाऱ्याला आधीच उत्तर सांगून टाकतात. गावाचे नाव, महिना, चालू असलेले काम एवढे पुरते: ‘विरळणी, दिंडोरी’. एखाद्या ओळखीच्या बागाईतदाराशी आजच बोलून ठेवा, डिपिंगच्या दिवसांत बागेत गडबड असते, पण सकाळच्या न्याहारीच्या वेळी बायका बांधावर टेकतात, तेव्हा स्केचबुक घेऊन त्यांच्यात बसता येते. आधी फक्त हात काढा, वर उचललेले, दोन्ही बाजूंनी.